मामाजींच्या पोटातलं सोनं

सत्तर-पंचाहत्तरच्या मधली गोष्ट. माझे मामाजी, म्हणजे सासरे, रिठदचे निवृत्त शाळामास्तर. लघवीचा त्रास सांगायची लाज, म्हणून त्यांनी तो वर्षभर गुपचूप सोसला. एक दिवस लघवी पारच अडली, तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्यांना मुंबईला नेलं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी किरण सोडणारे सोन्याचे बारीक दाणे सुईनं थेट गाठीत बसवले. ते आतूनच गाठ जाळणार, आणि थोड्या दिवसांत त्यांचा जोर आपोआप ओसरणार. तोवर तान्ह्या लेकरांपासून आणि गरोदर बायांपासून लांब राहा, असं बजावून त्यांना घरी सोडलं.

रिसोडहून येताना एसटीत एकच जागा रिकामी होती, तीही लेकुरवाळ्या बाईशेजारी. मामाजी उभेच राहिले. ती दोनदा सरकली, बसा म्हणाली, मग रागावून खिडकीबाहेर बघत बसली. नवऱ्यानं हे मला हसत हसत सांगितलं.

घरी मी सहा महिन्यांची गरोदर. मामाजींनी अंगणाच्या टोकाला खाट टाकली आणि काठीनं मातीत रेघ ओढली. मी ताट रेघेवर ठेवून मागे सरायचं, मग त्यांनी ते उचलायचं. तिसऱ्या दिवशी मला रडूच फुटलं.

"काहून रडून राह्यली?"

"तुमाले असं दुरून वाढनं बरं नाई वाटत, मामाजी."

ते भाकरी मोडत म्हणाले, "लहानपनी मले शाळेत बाहेर बसवत. पानी वरून वतत. त्याले काईच कारन नव्हतं. आता हाय. अन् ही रेघ मी सोताच वढली."

मग त्यांनी लोणचं मागितलं.

गावात मास्तरच्या पोटात सोनं असल्याची बातमी पसरली. सकाळी परसाकडे जाताना नीट पाहत जा, असा सल्ला एका शेजाऱ्यानं अगदी मनापासून दिला. मामाजी प्रत्येकाला सगळं समजावून सांगत. हळूहळू लोक एकेकटे येऊन आपापला त्रास सांगू लागले. त्यातल्या दोघांना तर ते पुढे स्वतः अकोल्याला दवाखान्यात घेऊन गेले. नंतर मामाजी चांगली नऊ वर्षं जगले.

मला मुलगी झाली तोवर दाण्यांचा जोर कधीच संपला होता. तरी तिला घेण्याआधी त्यांनी मुंबईच्या डॉक्टरांना कार्ड टाकून विचारलं. उत्तर यायला बारा दिवस लागले. तेवढे दिवस ते तिला दारातूनच बघत होते. उत्तर आलं त्या सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते आत आले आणि दोन्ही हात पुढे केले.