फडक्यांच्या दुमडीत

घरात तिला भिंगरी म्हणत. हे नाव सासूबाईंनी ठेवलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात, आणि ते कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. जेवायला बसली की मधेच उठून गॅस बंद आहे का ते बघणार. अंथरुणाला पाठ टेकली की कडी लावली का म्हणून परत उठणार. पाहुण्यांशी बोलता बोलता त्यांच्या खांद्यावरचा दोरा, केस, कचरा चिमटीत धरून काढणार. पाहुणा अवघडून जायचा. सासूबाई म्हणायच्या, "तिला काढू दे हो. काही सापडलं नाही तर तुमचं बटण काढेल."

कीटकघरात नोकरी लागली तेव्हा पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या या खोडीचा पगार दिला.

कीटकघर म्हणजे वस्ती संपते तिथली एक बसकी इमारत. वरच्या उतारावर फळबागा, खालच्या अंगाला पाणथळ, आणि बागांतलं पाणी ओढ्यानं खाली आणून सोडायची सोय निसर्गानंच केलेली. बागांना फळ पोखरणारी अळी लागते. पूर्वी मोहोर धरला की पंप सुरू व्हायचे. फवारलेलं औषध ओढ्यातून पाणथळात उतरायचं आणि मासे पोट वर करून तरंगायचे. पाणकोंबड्या असायच्या, पण त्यांच्यामागे पिल्लं नसायची. भिंगरीच्या घराची मागची खिडकी पाणथळावर उघडते; त्या दिवसांत ती वासामुळे बंद ठेवावी लागे.

त्यावर कीटकघरानं काढलेला उपाय ऐकायला विचित्र होता. खोक्यांत मक्याची भरड भरायची, त्यात धान्यातल्या पतंगाची अंडी पेरायची, वर फडकं ताणून बांधायचं. अळ्या भरड खाऊन, जाळी विणून मोठ्या होतात, त्यांचे पतंग होतात. ते पतंग नळीनं ओढून पिंपात सोडायचे, त्यांची रव्यासारखी अंडी चाळून कार्डावर चिकटवायची आणि त्यांवर तिळाहूनही लहान गांधीलमाश्या सोडायच्या. माशी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. अंडं काळं पडतं आणि त्यातून पतंगाऐवजी माशीच बाहेर येते. ही काळी कार्डं बागेत टांगली की निघालेल्या माश्या फळ पोखरणाऱ्या किड्याची अंडी हुडकत फिरतात.

"म्हणजे तू खानावळ चालवतेस," नवरा म्हणाला होता.

"हो. फक्त गिऱ्हाईक ताटातच अंडी घालतं."

कार्डं सुरू झाल्याला दोन हंगाम झाले होते. पाणथळात चतुर आले, मग बेडूक, मग पिल्लांची रांग घेऊन पोहणाऱ्या पाणकोंबड्या. भिंगरी कामावर जाताना आणि येताना तिथं थांबून पिल्लं बघायची. थांबायची म्हणजे काय, एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची. सासूबाईंना बेडकांचा वैताग होता. "तुझ्या त्या लेकरांना सांग, म्हाताऱ्या माणसाला झोप लागते. लागायची, निदान."

सासूबाईंचं स्वतःचं एक कोठार होतं: पलंगाखाली धान्याचं पोतं. लहानपणी उपास काढलेल्या माणसाला पलंगाखाली पोतं असल्याशिवाय झोप येत नाही, त्यामुळे ते कधी संपू द्यायचं नाही हा घरचा कायदा. त्यात पतंग झाले की खापर सुनेच्या माथी. "तुझ्या कपड्यांवरून येतात." हे खोटं नव्हतं. अलीकडे मात्र पतंग कमी झाले होते. सासूबाईंनी पोत्यात कडू पाल्याच्या पुरचुंड्या घातल्या होत्या आणि येईल त्याला ते सांगत होत्या.

कीटकघरातली फडकी विरली, नवीन यायला वेळ लागणार होता, तेव्हा सासूबाईंनीच जुन्या पांढऱ्या चादरी काढल्या. मशीनवर बसून चौकोन शिवले, चारी बाजूंनी दुहेरी दुमड घालून. धुतले, वाळवले, घड्या घातल्या आणि सून नेईपर्यंत पलंगाखाली पोत्यावर ठेवले.

बाहेरचं कुठलंही कापड आधी उकळायचं हा कीटकघराचा नियम. भिंगरीनं पातेलं काढलं आणि सासूबाईंनी ते बघितलं.

"हे कशाला?"

"उकळून न्यायचीत, आई."

"दोनदा धुतलीत मी. माझ्या हातचं तुला मळकं वाटतं?"

"तसं नाही हो—"

"नाही, उकळ ना. मलाही घाल त्यात."

भिंगरीनं पातेलं परत फळीवर ठेवलं. बाकी सगळं चारचारदा तपासणाऱ्या बाईनं घरातली शांतता टिकवायला नेमकी ही एक गोष्ट सोडली.

पुढे मोहोर धरला. कार्डांची पहिली खेप बागांत गेली, आणि दुसऱ्याच सकाळी ती रॅकमधून फिरत असताना एका फडक्यावर काहीतरी चाललं. पिवळसर, लांब मिशांचं, मागे बारीक सुई. तिनं ते नळीनं ओढलं आणि भिंगाखाली धरायच्या आधीच ओळखलं. ब्रॅकॉन. हीसुद्धा गांधीलमाशीच, पण हिला अंडी नकोत, अळ्या हव्यात. कापडावर बसून आरपार सुई घालते, अळी लुळी पडते, मग तिच्या अंगावर स्वतःची अंडी. शेतात असली तर हिचे पाय धुवावेत. कीटकघरात शिरली तर खोकीच्या खोकी मुकी होतात.

भिंगरी त्या दिवशी खुर्चीला टेकली नाही. डाव्या रॅकवर होत्या, उजव्या रॅकवर नव्हत्या, खालच्या कप्प्यात होत्या, मधल्यात नव्हत्या. परत फेरी, परत पहिल्यापासून. आणि मग तिला दिसलं की माश्या फक्त नव्या फडक्यांवर आहेत. जुन्या, डागाळलेल्या फडक्यांखालच्या अळ्या मजेत खात होत्या. तिनं एक नवं फडकं सोडलं, ब्लेडनं दुमड उसवली. आत टाक्याला टाका लागून पांढरे रेशमी कोष होते. काही फुटलेले, काही अजून बंद.

म्हणजे ज्या पोत्यावर ही फडकी ठेवली होती, त्यातले पतंग पाल्यानं पळाले नव्हते.

कीटकघराच्या प्रमुख मॅडम सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "उकळली नव्हती?"

"नाही."

"तुम्ही, ताई? तुम्ही तर नळाचं पाणीसुद्धा उकळल्याशिवाय झाडांना घालत नाही."

"सासूबाईंनी शिवली होती. त्यांना वाईट वाटलं असतं."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही घर होतं. "मग वर कळवताना कारण काय लिहू? सासूबाई?"

"माझं लिहा."

"लिहिते. आधी खोकी बाहेर काढा."

नव्या फडक्यांखालची सगळी खोकी तापवून मारावी लागली. उरलेल्यांतून पतंग निघतील, कार्डं होतील, पण दुसरी खेप आठवडाभर पुढे जाणार होती. आणि मोहोराच्या दिवसांत तो आठवडा मधे रिकामा सोडायचा म्हणजे अळीला दार उघडून देणं. बागवाल्यांशी करारच तसा होता: कार्ड वेळेवर आलं तर पंप बंद.

बागायतदारांचे अध्यक्ष दुसऱ्या दिवशी आले. आडव्या अंगाचा माणूस, दातांत कायम काडी. मॅडमनी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"कार्डं नाहीत म्हणे."

"आठवड्यानं आहेत," मॅडम म्हणाल्या.

"आठवड्यात फळ पोखरून अळी सासरी जाईल. परवा पंप काढतो मी."

"परवा फवारलंत तर पहिल्या खेपेच्या माश्याही मरतील. खाली पिल्लं आत्ताच निघालीत."

"मॅडम, माझी पिल्लं शाळेत जातात, त्यांची फी पाणकोंबडी भरत नाही. दोन वर्षं ऐकलं ना तुमचं? ऐकलं. आता तुम्हीच शब्द मोडलात."

भिंगरी दाराशी चुळबुळत उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर ओढा होता, आणि त्यातून खाली उतरणारं पाणी, आणि ही सगळी भानगड एका पातेल्यावरून. हाताला काहीतरी हवं होतं. तिनं सवयीनं पुढे होऊन अध्यक्षांच्या खांद्यावरचा कचरा उचलला.

"काय करताय?"

कचरा नव्हता. जाळीचा तुकडा होता, त्यात एक मेलेला पतंग. तांबूस टोकांचे पंख. बागेतला नव्हे, साठवणीच्या मालातला.

"तुमच्या सुक्या फळांच्या गोदामात अळी पडलीय," ती म्हणाली.

अध्यक्षांच्या दातांतली काडी थांबली. "कोण म्हणतं?"

"तुमचा कोट म्हणतो."

"हळू बोला, ताई." त्यांनी मागे वळून दार बघितलं. "व्यापाऱ्यानं एक गाडी परत पाठवलीय. धुरी दिली, दोनदा. परत होतात. तिसऱ्यांदा दिली तर वासानं कोणी घेणार नाही."

भिंगरीनं मॅडमकडे बघितलं. मॅडमच्याही ते एव्हाना डोक्यात आलं होतं, पण त्या नाही म्हणून मान हलवत होत्या. "ब्रॅकॉन आपण सगळ्या मारल्या, ताई. एकही उरली नाहीये."

"इथं नाही," भिंगरी म्हणाली. "माझ्या घरी आहेत."

अध्यक्षांना सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं. एक माशी अंड्यांवर जाते, दुसरी अळ्यांवर. इथं जी दरोडेखोर तीच तुमच्या गोदामात राखण करेल. शेवटी ते म्हणाले, "एक आठवडा. अळ्या लोळलेल्या मला दिसल्या पाहिजेत. आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी हातात कार्डं नसली तर पंप चालू, मग तुम्ही माझे खांदेच काय, पाय झाडा."

घरी सासूबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या, पोत्यापुढे पहारा दिल्यासारख्या.

"माझं धान्य कुणाच्या गोदामात जायचं नाही."

"धान्य नको, आई. त्यातल्या माश्या हव्यात."

"माझ्या धान्यात माश्या? पुरचुंड्या घातल्यात मी."

भिंगरीनं पोत्याचं तोंड उघडून उजेडात धरलं. धान्याच्या काठावर लुळ्या अळ्या होत्या आणि त्यांवरून सुईवाल्या माश्या फिरत होत्या. सासूबाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. शेजारणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं.

"म्हणजे पाल्यानं नाही."

"पाल्यानंही असेल थोडं."

"लाडीगोडी लावू नकोस." त्या सरळ झाल्या. "आणि फडक्यांत याच गेल्या?"

भिंगरी पोत्याचं तोंड दुमडत राहिली.

"तोंड नव्हतं का तुला? म्हणायचं, आई, उकळायचंच आहे."

"म्हटलं होतं."

"मोठ्यानं म्हणायचं." मग जरा थांबून, "पोतं जाईल. पण मी बरोबर जाणार. परक्या ठिकाणी धान्य एकटं ठेवायचं नाही."

त्या खरंच गेल्या. रोज सकाळी नवरा गाडीवरून आईला गोदामात सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. पोतं मधोमध, तोंड उघडं, शेजारी खुर्ची, खुर्चीत सासूबाई. गोदामातल्या माणसांना त्यांनी झाडू मारायला लावला, कोपऱ्यातली जुनी जाळी काढायला लावली, अध्यक्षांना काडी थुंकायला बाहेर पाठवलं. "तुमची आई असती तर तुमचे हे गोदामाचे कोपरे बघून रडली असती." अध्यक्ष कीटकघरात फोन करून विचारत, "माश्यांचं ठीक आहे, पण या परत कधी जाणार?" अळ्या मात्र लोळायला लागल्या होत्या, ते त्यांनी नाइलाजानं सांगितलं.

कीटकघरात भिंगरीचा आठवडा तिच्या पायांखालून गेला. घरून आली की बाहेरच्या मोरीत कपडे बदलायची, केस बांधायची, परत एकदा झटकायची. उरलेल्या खोक्यांतून पतंग निघाले, अंडी चाळली, कार्डं केली, माश्या सोडल्या. आता अंडी काळी पडायची वाट बघायची, आणि वाट बघणं हे जगातलं तिला न येणारं एकच काम. पंखांच्या भुशानं तिला खोकला लागला होता. मॅडमनी मास्क दिला, तो घालून ती तितकीच फिरत राहिली. "ताई, तुम्ही बघितलंत म्हणून ती लवकर काळी पडत नाहीत." "माहितीये," ती म्हणायची आणि परत बघायची.

ठरलेल्या सकाळी निम्मी कार्डं काळी होती, निम्मी अजून करडी. वरच्या रस्त्यावर अध्यक्षांचा ट्रॅक्टर उभा होता, मागे पंपाची टाकी, भरलेली. तिनं काळी होती तेवढी उचलली आणि चढ चढून गेली.

"ही निम्मीच आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"बाकीची उद्या. आधी ओढ्याकाठच्या बागा घेते. वरच्या उद्या."

"शब्द पूर्ण कार्डांचा होता."

गोदामाच्या दारातून आवाज आला. "मग पोतंही निम्मंच होतं, तरी तुमच्या अळ्या लोळल्या ना?" सासूबाई खुर्ची दारात ओढून बसल्या होत्या.

अध्यक्षांनी ट्रॅक्टरकडे बघितलं, गोदामाकडे बघितलं. "उद्यापर्यंत," ते म्हणाले. "टाकी भरलेलीच ठेवतोय." आणि ती भरलेलीच ठेवली, हेही खरं. टांगलेल्या कार्डांखालून जाताना भिंगरीला ती दिसत होती, आणि दुसऱ्या दिवशी उरलेली कार्डं बांधून होईपर्यंत तिनं मागे वळून वळून ती किती वेळा बघितली ते तिलाच माहीत. टाकी जिथल्या तिथं होती. पुढच्या खेपेपर्यंत तरी.

संध्याकाळी पोतं पलंगाखाली परत आलं. मागच्या खिडकीतून बेडकांचा आवाज सुरू झाला होता. सासूबाईंनी खिडकी लावली, मग उकडतंय म्हणून उघडली. भिंगरी त्यांच्यासमोरून जाता जाता थांबली आणि त्यांच्या खांद्यावरून काहीतरी चिमटीत धरलं. पिवळसर, बारीक सुईचं. एक आठवडाभर ती हिलाच हुडकत फिरत होती. दोन बोटं आवळली की काम झालं असतं.

ती वाकली आणि माशी पोत्याच्या तोंडाशी सोडून दिली. मग अंगावरचे कपडे बदलले, सासूबाईंनी परत शिवून ठेवलेली नवी फडकी उचलली, फळीवरचं पातेलं काढलं आणि गॅस पेटवला.

सासूबाई पलंगावरून बघत होत्या.

"मीठ घालू नकोस," त्या म्हणाल्या. "दोरा कुजतो."