मिरचीच्या पानांचा वास

माझ्या मेव्हण्यासारखं नाक अख्ख्या इस्रायलात दुसरं सापडायचं नाही, आणि सापडलंच तर देव त्याच्या घरच्यांना वाचवो. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मुंबईत होता तेव्हा टोपलीवरचं फडकं न उचलता पापलेट आजचं की कालचं ते सांगायचा. अश्दोदला आल्यावर इथले मासे ओळखीचे नव्हते, तर हा माणसं हुंगायला लागला. बसमध्ये चढला की ड्रायव्हरला मराठीतूनच सांगायचा, "आज बायकोनं कांदा करपवलाय तुझ्या." एका जागी बसणं त्याला ठाऊकच नाही. चहाचा कप हातात घेऊन घरभर फिरणार, बशी खुर्चीवर त्याची वाट बघणार. आमच्याकडे आला की आधी भांड्यांची झाकणं उघडायचा. ही ओरडायची, "मेल्या, नाक घाल आता आमटीत!" तो म्हणायचा, "बाय, मीठ राहिलंय." मीठ कधी वासावरून कळतं होय? पण राहिलेलं असायचं.

बासष्ट साली आम्हांला नवीन घर मिळालं, तेव्हा हिनं आम्हां बेने इस्रायलींच्या रिवाजाप्रमाणे एलियाहू हन्नाबीच्या, आमच्या प्रेषिताच्या, नावानं मलिदा केला. गुळाचे पोहे, फळं, आणि हुंगून आशीर्वाद म्हणायला सब्जा. सब्जा आणायचं काम माझं. अश्दोदच्या वाळूत सब्जा कुठला! शेजारच्या मोरोक्कोवाल्याच्या वाफ्यातून हिरवं दिसलं ते तोडून आणलं, ती निघाली मिरचीची पानं. ताट फिरलं. जो तो हुंगे आणि माझ्याकडे बघे. मेव्हण्यानं मात्र डोळे मिटून लांब श्वास घेतला. "व्वा, बाय! थेट अलिबागचा सब्जा!"

सगळे हसले. ही हसली नाही. मला आत नेऊन म्हणाली, "त्याला वास येत नाही हो. परवा दूध उतू जाऊन जळलं, हा शेगडीशी उभा होता."

मी म्हटलं, "नाटकं आहेत त्याची."

दवाखान्यातल्या डॉक्टरनं नाकात घालायला थेंब दिले. थेंब संपले, ही त्याला घेऊन पुन्हा गेली. डॉक्टर हिब्रूत ओरडला, ही मराठीत. शेवटी त्यानं तेल अविवच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे याचे डोळे बांधून एकेका नाकपुडीखाली बाटल्या धरल्या. कॉफी. लवंग. साबण. मेव्हणा प्रत्येक बाटलीला ऐटीत म्हणाला, "पापलेट!" डॉक्टरला पापलेट काय माहीत; पण हिनं नाही म्हणून मान हलवली, ते त्याला समजलं. मग दिव्यानं डोळ्यांच्या आत बघितलं, मानेच्या शिरेत औषध सोडून डोक्याचे फोटो काढले. बाहेर मी जिन्यावरून वर-खाली करत होतो. कपाळामागे, नाकाच्या मुळापाशी, लिंबाएवढी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाला, कॅन्सर नाही. क्वचित कुणाला होते, वर्षानुवर्षं मुकाट वाढते. काढली तर माणूस जगेल, ठेवली तर आधी दृष्टी जाईल, मग तो. काढली. जगला. वास तेवढा परत आला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ही गेली. छातीच्या दुखण्यानं. भावाच्या डोक्यातली गाठ हिला पानांवरून कळली; हिचं दुखणं मला रोज समोर जेवायला बसून कळलं नाही. आता मलाही एका जागी बसवत नाही. मेव्हणा दर शुक्रवारी येतो, मासळी माझ्या नाकाखाली धरतो. "दाजी, ताजी आहे का?" मला कधी कळलंय? मग आम्ही दोघे कप घेऊन खोल्यांतून फिरतो, एकमेकांना आडवे जातो.

हिच्या वर्षाला मलिदा केला, तेव्हा मी डब्यात लावलेला सब्जा ताटात ठेवला. त्यानं हुंगला. हळूच विचारलं, "दाजी, आज खरा आहे ना?"

"खराय."

त्यानं तो परत नाकाशी धरला, आणि पुढच्या माणसाला देईचना.