गिटार जरा खाली घे

"गिटार जरा खाली घे," मी म्हटलं. त्याने केसभर खाली घेतली. पुढच्या कडव्याला ती पुन्हा माझ्या आवाजावर चढून बसली.

आमच्या बँडमधला हा गिटारवाला नालासोपाऱ्याला राहायचा. त्याच्याच बेडरूममध्ये, त्याच्याच कॉम्प्युटरवर आम्ही आमचं पहिलंवहिलं रॉक गाणं रेकॉर्ड केलं होतं. आवाज घुमू नये म्हणून मी कपाट उघडून, त्याच्या आईच्या साड्यांत तोंड खुपसून गायले होते. खाली पाण्याच्या टँकरची मोटर थांबली की घाईघाईने एक कडवं. आता सगळं नीट जुळवून सीडी काढायची राहिली होती, आणि साहेबांना स्वतःच्या गिटारपलीकडे काही ऐकू येत नव्हतं.

घरचं वाडीतलं काम टाकून मी रोज वटार गावाहून एसटीने येत होते आणि त्याच्या मानगुटीवर बसत होते. बाकीच्यांना वाटे, हिला फार मिरवायचंय. वाटू दे. माझ्या गळ्यात गाठ होती. परवा ऑपरेशन होतं, आणि आवाज पूर्वीसारखा राहीलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. वरचे सूर तर आताच लागेनासे झाले होते. म्हणजे माझा आवाज त्या कॉम्प्युटरमध्ये होता तेवढाच. तोही या गाढवाच्या गिटारखाली.

"अगं, गिटार काढली तर गाणं पडेल," तो म्हणाला.

मग मात्र माझा बांध फुटला. गाठ, ऑपरेशन, सगळं रडत रडत सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने शेवटच्या कडव्यातली गिटार पूर्ण बंद केली आणि गाणं लावलं.

माझा आवाज स्वच्छ ऐकू आला. सगळ्यात वरच्या सुराकडे गेला आणि तिथे घसरला. साफ बेसूर.

"म्हणून झाकत होतो गं," तो मॉनिटरकडे बघत म्हणाला. "परत गातेस?"

मी तोंड उघडलं. नुसती घोगरी हवा बाहेर आली. आतून त्याच्या आईने विचारलं, "चहा टाकू का रे?"

"गिटार लावू परत?" त्याने मला विचारलं.

"नको. राहू दे तसंच."

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधीच निघाली, घरच्यांनी पेढे वाटले. फोनवर अनोळखी लोक मला 'दादा' म्हणतात, मी हसून घेते. घरात कोणी नसलं की ते कडवं लावते आणि सोबत गाऊन बघते. त्या बेसूर सुरापर्यंतही माझा गळा पोचत नाही.