दत्तूला झोप लागावी म्हणून

ध्धम्म! जरा थांबून पुन्हा ध्धम्म!

चिंचवड गावठाणातल्या आमच्या चाळीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, तापलं लोखंड ठोकून घडवायची, फोर्जिंगची एक कंपनी होती. तिचा घण रात्रंदिवस पडायचा. तो पडला की फळीवरचे कप किणकिणायचे आणि शेजारच्या पाळण्याची कडी आपोआप कुरकुरायची. तो आवाज बंद होऊन किती वर्षं झाली, पण कधी आठवला की त्याच्यामागून माणसं येतात. किस्से असेच साठतात बघा. माळ्यावरची एक गोधडी ओढावी, तर चार अंगावर पडतात.

चाळीत नवीन आलेल्या माणसाला पहिले काही दिवस त्या घणाने झोप लागायची नाही. मग सवय व्हायची. आणि एकदा सवय झाली की घणाशिवाय झोप लागायची नाही! गुरुवारी आमच्या सगळ्या कारखान्यांना सुट्टी. घण बंद. त्या रात्री अख्खी चाळ कुशी बदलत पडलेली असायची. अशाच एका गुरुवारी शेजारचे इस्माइलभाई वैतागून ओट्यावर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, कुणीतरी भांडण करा रे! एवढ्या शांततेत माणसानं झोपायचं कसं?"

* * *

आमची मंडळी थोडीच. मी आणि दत्तू सावंत एका खोलीत. दोघेही एकाच कंपनीत, प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार द्यायच्या खात्यात. दत्तू प्रेस चालवायचा, मी त्याला पत्रे आणून द्यायचो. इस्माइलभाईंचं स्टेशनजवळ स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. चाळीचे मालक आप्पा गावातलेच, जुने शेतकरी. त्यांचा मळा तळवड्याच्या बाजूला.

दत्तू कोकणातला. चार वर्षं त्याने तिसरी पाळी केली, म्हणजे रात्रपाळी. दिवसा तो असा झोपायचा की त्याच्या उशाशी पोरं गोट्या खेळायची. मग त्याला मुलगी झाली. बायकोला आणि मुलीला इकडे आणायचं ठरलं. पण बायकोने गावाहून निरोप धाडला, नवख्या गावात तान्ह्या पोरीला घेऊन मी रात्री एकटी राहायची नाही.

दत्तूने आमच्या फोरमनला, शेलारसाहेबांना, पहिली, म्हणजे सकाळची पाळी मागितली. साहेब कडक माणूस. कुणाला हसून 'बरं' म्हटल्याचं मला आठवत नाही. तरी त्यांनी पाळी दिली.

आणि दत्तूची झोप गेली! रात्री टक्क डोळे उघडे, सकाळी मशीनवर पेंग. शरीराला कुणी कळवलंच नव्हतं की पाळी बदलली. मला म्हणायचा, "बाबू, माका झोप येणा नाय रे."

एकदा तो मशीनजवळच्या खोक्यावर डुलक्या घेत होता, तेवढ्यात शेलारसाहेब मागे येऊन उभे राहिले. दत्तू दचकून उठला.

"साहेब, जरा डोळे मिटलेले."

"मीट की," साहेब म्हणाले, "पण प्रेसला सांगून मीट. ती झोपत नाही!"

* * *

खात्यातल्या एकाने दत्तूला काडेपेटीत घालून झोपेच्या गोळ्या दिल्या. कुणासाठी आणलेल्या, किती घ्यायच्या, काही ठाऊक नाही. दत्तूने त्या रात्री घेतल्या आणि पडला तो ओंडक्यासारखा.

सकाळी मी त्याला हलवून बसवलं, चहा हातात दिला आणि पुढे निघालो. थोड्या वेळाने तो कंपनीच्या गेटवर आला. वर खाकी शर्ट, हातात डबा, खाली लुंगी!

वॉचमन म्हणाला, "सावंत, पँट कुठाय?"

दत्तूने खाली बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाला, "हय खय तरी होती."

वॉचमनने आपली जादाची पँट दिली. ती दत्तूच्या पोटऱ्यांपर्यंतच आली. लोक हसले, मीही हसलो. पण ते हसू तासभरच टिकलं. आमच्या प्रेसला पायाने पेडल दाबायचं आणि हाताने पत्रा सरकवायचा. मी पत्रे घेऊन आलो तर दत्तूचा हात आत, पाय पेडलवर, आणि मान हळूहळू खाली जात होती. मी पत्रे टाकले आणि त्याची कॉलर धरून मागे ओढला. दोघेही जमिनीवर पडलो. प्रेस रिकामीच खाली आली आणि वर गेली.

दत्तूने आपली बोटं पाहिली. मग माझा हात धरला तो सोडेचना.

शेलारसाहेबांनी ते पाहिलं होतं. ते ओरडले नाहीत, त्याचीच भीती वाटली. म्हणाले, "पगाराच्या दिवसापर्यंत बघतो सावंत. रात्रीची झोप जमली तर पहिली पाळी. नाही जमली तर परत तिसरी. मला मशीनवर तुटका हात नको."

तिसरी पाळी म्हणजे बायको-मुलगी येणार नाहीत. तेवढं साहेबांना बोलून दाखवायची दत्तूची हिंमत झाली नाही.

* * *

मी त्याला तसाच कंपनीच्या डॉक्टरांकडे नेला. डॉक्टर म्हातारे होते आणि घाईत नसायचे. त्यांनी नाडी पाहिली, काडेपेटी पाहिली, मग ती पोटऱ्यांवरची पँट पाहिली.

"ही कुणाची?"

"वॉचमनची."

"दुसऱ्याची पँट घातलीस, चालेल. दुसऱ्याची गोळी पुन्हा घ्यायची नाही!"

काडेपेटी त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली. मग नीट समजावून सांगितलं. दुपारनंतर चहा बंद. पाळी सुटल्यावर घरी येऊन झोपायचं नाही, उन्हात हिंडायचं, काहीतरी काम करायचं. सकाळी रोज एकाच वेळी उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. झोप नाही आली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून शांत बसायचं, डोळे जड झाले की पुन्हा आडवं व्हायचं. आणि एवढं करूनही जमलं नाही तर परत त्यांच्याकडेच यायचं, दुसऱ्या कुणाकडे नाही.

दत्तूला वाटलं होतं इंजेक्शन मिळेल. बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबू, एवढे शिकले, आणि सांगितलान काय? चहा पिऊ नको!"

* * *

चहा सोडणं सोपं नव्हतं. पाळी सुटली की कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसायचं आणि दिवे लागेपर्यंत कपामागून कप रिचवायचे, ही दत्तूची जुनी रीत. तो एकदम यायचा बंद झाला. हॉटेलच्या मालकाला चैन पडेना. एका संध्याकाळी तो खांद्यावरचं फडकं तसंच ठेवून आमच्या खोलीवर आला.

"सावंत, आमचं काय चुकलं? दूध पातळ होतं का?"

दत्तूने सगळं सांगितलं. मालकाने मन लावून ऐकलं. त्याला फार वाईट वाटलं. जाताना म्हणाला, "काळजी करू नका. लवकर बरे व्हा." आणि थोड्या वेळाने त्याने आजाऱ्यासाठी म्हणून स्पेशल चहा पाठवला!

तो चहा मी प्यायलो. त्या रात्री मला झोप नाही.

* * *

आप्पांच्या मते डॉक्टर चांगला, पण त्याने पायाचं सांगितलं नव्हतं. "समदी उष्णता तळपायात असती. काशाच्या वाटीनं खोबरेल घासा. पोरगं झोपतंय का न्हाई बघतो." वाटी त्यांनी घरातून आणून दिली.

पण घासायचं कुणी? माझे हात पत्र्यांनी फाटलेले. इस्माइलभाई पुढे झाले. म्हणाले, "रोज स्कूटरला ग्रीस लावतो, एक दिवस माणसाला लावू."

दत्तू संकोचला. "नको भाई, तुम्ही मोठे. माझ्या पायाक हात लावू नका."

"गप पड रे भावा. इंजिन बोलत नसतं."

दत्तू पडला. इस्माइलभाई भिंतीला टेकून, त्याचा पाय मांडीवर घेऊन वाटी फिरवू लागले. गोल, गोल, एकाच लयीत. मी ओट्यावर आप्पांशी बोलत बसलो. बऱ्याच वेळाने आत डोकावलो तर घोरण्याचा आवाज येत होता. मला आनंद झाला.

जवळ गेलो तर इस्माइलभाई दत्तूच्या पायावर डोकं ठेवून गाढ झोपलेले! आणि दत्तू जागाच, हातात वाटी घेऊन, जरासुद्धा न हलता.

मला कुजबुजत म्हणाला, "बाबू, आता ह्यांका उठवू कसो?"

* * *

दुपारी त्याला जागं ठेवायचं काम आप्पांनी घेतलं. पाळी सुटली की त्याला सायकलवर बसवून मळ्यात न्यायचे. पहिल्या दिवशी कांद्याच्या वाफ्यांना पाणी द्यायला लावलं. एक वाफा भरला की फावड्याने दार बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं, एवढंच काम. आप्पा गोठ्याकडे गेले. दत्तू बांधावर बसला. गार वारा, पाण्याचा झुळझुळ आवाज. दत्तूची मान पडली.

पाणी एक वाफा भरून पुढे गेलं, बांध ओलांडून शेजाऱ्याच्या मेथीत गेलं. शेजारी धावत आला. "आप्पा, ह्यो कोण गडी आणलाय? माझी मेथी पव्हायला लागली!"

आप्पांनी बांधावर झोपलेल्या दत्तूकडे बघितलं. "गडी न्हाई त्यो, पेशंट हाय. आन तू वरडू नगंस, इतक्या दिसांनी डोळा लागलाय त्याचा!"

मग त्यांनाच आठवलं की दुपारची झोप बंद आहे. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि दत्तूच्या तोंडावर मारलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला बसायचं काम दिलं नाही. गवत काप, शेण उचल, बैल धुवून आण. संध्याकाळी दत्तू मळ्यातून चालतच घरी यायचा. जेवताना त्याचा घास हातातच राहायला लागला.

* * *

एक खोड राहिली होती. रात्री जाग आली की दत्तू उशाचं गजराचं घड्याळ उचलून बघायचा. किती वाजले, किती उरले, याचा हिशेब करत बसला की झोप पार पळायची. इस्माइलभाईंनी घड्याळ उचललं आणि गॅरेजात नेऊन ठेवलं.

"मग सकाळी उठू कसो?"

"मी आहे ना. पहाटेच्या नमाजला उठतोच. तुझा गजर मी."

तेव्हापासून रोज पहाटे आमच्या दाराच्या कडीवर पान्याचे ठोके पडायचे. ठण ठण ठण! दत्तूच काय, दोन घरं पलीकडची बाईसुद्धा उठून चूल पेटवायची. गुरुवारीही ठोके पडले. दत्तू पांघरुणातून हात जोडून म्हणाला, "भाई, आज सुट्टी असा!"

"माझ्या गजराला किल्ली द्यावी लागत नाही," बाहेरून आवाज आला, "आणि तो बंदही होत नाही!"

हळूहळू फरक पडला. आधी मधली जाग कमी झाली. मग एके रात्री माझ्याशी बोलता बोलता तो मध्येच गप्प झाला. मला वाटलं रागावला. बघतो तर झोपलेला.

* * *

पगार जवळ आला होता. दत्तूने मुलीसाठी बाजारातून लाकडी पांगुळगाडा आणून अंथरुणाशेजारच्या कोपऱ्यात ठेवला होता. ती आता उभी राहायला लागलीय, असं गावाहून आलेल्या कुणीतरी सांगितलं होतं.

त्या रात्री जेवणं झाली आणि दत्तू आडवा झाला. आम्ही तिघे ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात गल्लीत स्कूटर फटफटत आली. शेलारसाहेब! ते कधी चाळीत आले नव्हते.

मी उभा राहिलो.

"सावंत कुठाय? तिसऱ्या पाळीचा ऑपरेटर आला नाही. सकाळी माल जायचाय. त्याला घ्यायला आलोय."

एक रात्र जागला तर सगळं मुसळ केरात जाणार होतं. आणि साहेबांना 'नाही' म्हणायचं कुणी? पगार दोन दिवसांवर.

आप्पा हळूच म्हणाले, "झोपलाय त्यो, सायब."

साहेबांनी बूट काढले आणि आत गेले. मी मागून गेलो. कंदिलाची वात बारीक होती. दत्तू उताणा पडला होता, तोंड थोडं उघडं, एक हात पांगुळगाड्याच्या दांडीवर. बोटं मोकळी, सैल. श्वास संथ चालला होता.

"उठवू का साहेब?" मी विचारलं.

साहेब बघत राहिले. दत्तूकडे, मग त्याच्या हाताकडे. मी वाकलो आणि दत्तूच्या खांद्याला हात लावणार, तेवढ्यात साहेबांनी माझं मनगट धरलं.

ते बाहेर आले. बूट घातले, नाड्या बांधल्या. इस्माइलभाईंनी पुढे केलेलं पाणी ते प्यायले. मग स्कूटर स्टँडवरून काढली, किकवर पाय ठेवला. एकदा आमच्या दाराकडे पाहिलं आणि पाय काढून घेतला.

आणि स्कूटर हाताने ढकलत ते गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले.