म्युनिकहून डब्लिन

कुवेतमधे अब्बासियात बसवाला रामभाऊ म्हणून कोणालाही विचारा. मी दहावी नापास, पण माझी बहीण संपदा इथल्याच जाब्रियाच्या हॉस्पिटलात नर्स झाली ती माझ्यामुळे. कुवेतला तिला मी आणली. हात असा हलका की कुवेती आया दारातूनच विचारायच्या, "सिस्टर संपदा है?" लहान पोराच्या हातात सुई गेलेली पोराला कळायची नाही. दर शुक्रवारी माझ्या खोलीवर येऊन झुबेदीचं, म्हणजे इथल्या पापलेटचं, कालवण करायची. लग्न केलं नाही. आई गेल्यावर धाकट्या शैलूला तिनेच भरवलं, तिनेच शिकवलं. तो म्युनिकला इंजिनिअर. ती पुढे डब्लिनच्या हॉस्पिटलात गेली.

डब्लिनला तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनला महिना होता. फोनवर म्हणाली, "दादा, भीती नाही रे वाटत. पण शुद्धीवर आल्यावर आपलं कोणीतरी समोर पाहिजे."

कंपनीने मला रजा दिली नाही. पण शैलू होता ना! मोबाईलवर बघितलं, म्युनिक ते डब्लिन चौदाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. विमान अडीच तासांत पोचवतं. संध्याकाळच्या ट्रॅफिकमधे बस घेऊन मी तेवढा वेळ नुसता खैतानच्या सिग्नलला काढतो.

शैलूला लगेच फोन लावला.

"दादा, तुला वाटतं तितकं सोपं नाही. आयर्लंडचा व्हिसा वेगळा लागतो."

"एका युरोपात दोन इकामे, दोन परवाने? मला शिकवतोस?"

व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंगवाल्या सर्फराजला विचारलं. तो हसला. "रामभाऊ, सही बोलता है तुम्हारा भाई. उधर का अलग लगता है."

म्हणजे पोरगं खोटं बोललं नव्हतं. मी शैलूला परत फोन लावला, आवाज खाली आणला. "बरं, मग अर्ज टाक. महिना आहे."

"बघतो."

आमच्या घरात 'बघतो' म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको. आठवड्याने विचारलं, बघतो. पुढच्या आठवड्यात विचारलं, "ऑफिसमधे गडबड आहे रे." मग फोन उचलायचा बंद. संपदाला मी सांगत राहिलो, कागद चाललेत त्याचे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याच्या बायकोने, प्रियांकाने, फोटो टाकला. लिस्बन. समुद्र, गॉगल, आमचे साहेब आईस्क्रीम खाताना. म्युनिकहून तीन तासांच्या वरचं विमान. डब्लिनपेक्षा लांब! तिथे वेगळा व्हिसा लागत नाही, हे त्याला बरोबर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी रिकामी बस रस्त्याकडेला लावून बसलो. संपदापाशी जॅन्सी होती, जाब्रियातली तिची जुनी मैत्रीण, केरळची, आता डब्लिनलाच नर्स. परक्याची पोर ड्यूटी बदलून बसली होती.

शेवटी जॅन्सीचा फोन आला. "भैया, सब ठीक है. आँख खोली."

"कुछ बोली?"

"बोली, शैलू को बोलो मैं ठीक हूँ. व्हिसा के लिए भाग रहा होगा बेचारा, अब नहीं भागना."

माझं नाव नाही घेतलं तिने.

तो निरोप मी शैलूला दिलेला नाही. देणारही नाही.