गाडीखालचा पुठ्ठा

मिस्त्रींनी आमच्या जुन्या गाडीचा ऑइल कूलर काढून ट्रेमध्ये ठेवला. इंजिनाचं तेल थंड करणारा तो लहानसा पत्र्याचा डबा काळ्या तेलाने माखला होता. चिंधीने पुसल्यावर कडेला केसाएवढी चीर दिसली.

"कधीपासून गळतंय, ताई?"

"गणपतीपासून. फरशीवर डाग नको म्हणून मी खाली पुठ्ठा ठेवते. भिजला की बदलते. वरून तेलही घालते."

"म्हणजे काळजी फरशीची घेतलीत," ते म्हणाले. "अजून थोडे दिवस गेले असते तर इंजिनच जाम झालं असतं."

खरं तर मला त्या पुठ्ठ्यांचा अभिमानच होता. गळणाऱ्या वस्तूखाली काहीतरी ठेवलं की ती दुरुस्त झाल्यासारखी वाटते.

आणि मला उशा आठवल्या. दिवाळीत ह्यांना आडवं झालं की धाप लागायला लागली, तेव्हा मी दुसरी उशी दिली. संक्रांतीला तिसरी. झोप लागते म्हणाले, मी पुढे विचारलं नाही.

घरी आले तेव्हा हे पलंगावर टेकून पेपर वाचत होते.

"अजून एक उशी दे गं. बरं वाटेल."

मी कपाटातून चौथी उशी काढली आणि परत आत ठेवली.

"शर्ट घाला. डॉक्टरांकडे जायचंय."

"आत्ता? गाडी तर गॅरेजमध्ये आहे."

"रिक्षा खाली थांबवून आलेय."