हनुवटी कुणासारखी

रोह्याच्या कंपनीत लॅबमध्ये मी कायम झाले, तेव्हा मनात एकच गोष्ट होती : जबड्याचं ऑपरेशन करून घ्यायचं. माझी हनुवटी डावीकडे सरकलेली होती. दात जुळत नसत, भाकरी एकाच बाजूनं चावावी लागे. आईची हनुवटी हुबेहूब तशीच. ती पेणजवळच्या गावात राहते. पूर्वी धरमतरच्या बाजूला मिठागरात कामाला जायची.

पहिल्या तपासणीला ती सोबत आली. डॉक्टरांनी संगणकावर माझी कवटी फिरवून दाखवली. जबडा कुठं कापायचा, किती सरकवायचा, सगळं आधीच ठरणार होतं आणि त्या मापानं टायटॅनियमचं इम्प्लांट, म्हणजे कापलेलं हाड जोडून धरणारी पट्टी, घडवून येणार होती. "एरवी आम्ही पट्टी ऑपरेशनच्या वेळी हातानं वाकवून बसवतो. ही फक्त तुमच्याच हाडावर बसेल," ते म्हणाले. मग लिहिता लिहिता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाची हनुवटी अशी आहे?"

खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर मुली उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी वळून आईकडे बघावं हे मला नको होतं. मी म्हणाले, "नाही."

शेजारी बसलेल्या आईनं पदर तोंडावर ओढून घेतला.

ऑपरेशन नीट झालं. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढला, तेव्हाही आई सोबत होती. ठरवलेला जबडा निळा आणि प्रत्यक्षातला पांढरा, असे दोन्ही डॉक्टरांनी एकावर एक ठेवले. निळा रंग फक्त कानाजवळच्या बारीक कडेला डोकावत होता.

"केसाएवढा फरक," ते खुशीत म्हणाले. "कधीकधी हे घराण्यातून येतं. तुमच्याकडे कुणाला नाही, ना?"

मी तोंड उघडायच्या आत आई पदराआडून म्हणाली, "नाय, कुणालाच नाय."

परतीच्या एसटीत पेण जवळ आलं, तेव्हा मी तिच्याकडे वळले. ती तिथं उतरणार होती, मी पुढं रोह्याला.

"आई, तेव्हा मी खोटं बोलले."

"म्हाईत हाय गो. मी तिथंच व्हते."

"मग आज तू कशाला बोललीस तसं?"

"डॉक्टरसमोर तुला खोटी पाडू काय?"

पिशवी उचलून ती उतरली. मी तिच्यामागं उतरायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट आहे, असं स्वतःला सांगून बसून राहिले.

पुढच्या खेपेला एकटीच गेले आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी कागदावर दुरुस्ती केली, आईलाही दाखवायला आणा म्हणाले. ती आली नाही. "माझं चावून होतं," एवढंच म्हणाली.

ऑपरेशनपासून माझा खालचा ओठ बधिरच असतो. रविवारी गावी जेवायला बसले, की ओठाखाली भाताचं शीत चिकटलेलं मला कळत नाही. आई बोटानं ते काढते. मी मान खाली घालून जेवत राहते.